कोणता राग

डाव्या डोळ्याची खालची पापणी मिनिटाला अकरा वेळा लवत होती. सगळी पापणी नाही. नाकाकडून मोजत गेलं तर दोन-तृतीयांश अंतरावरचा, तांदळाच्या दाण्याएवढा भाग. तो दोनदा लागोपाठ लवे, मग नऊ-दहा सेकंद थांबे, मग पुन्हा दोनदा. आरशात जवळजवळ काही दिसत नसे. बोट ठेवलं तर मात्र कातडीखालून कुणी टिचकी मारल्यासारखं लागे. नऊ दिवस मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. दहाव्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे ठेवता ठेवता वन्सं म्हणाल्या, "डोळा लवतोय तुझा. डावा आहे, म्हणजे शुभ. पण आठवडा होऊन गेला की. चल, शनिवारी दाखवून येऊ." मी हो म्हटलं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची, श्रीरंगची, मोठी बहीण, अहिल्या. एकाहत्तर वर्षांच्या आहेत, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या, दोन्ही गुडघ्यांनी थकलेल्या, बाकी खणखणीत. श्रीरंगला जाऊन तीन वर्षं होत आली. मीनू, आमची मुलगी, नोकरीसाठी गुडगावला राहते. दिल्लीतल्या मयूर विहारच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या, लिफ्ट नसलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच असतो.

दवाखाना बाजारात, केमिस्टच्या वर होता. डॉक्टर चाळिशीची, घाईतली पण चांगली बाई. झोप किती, चहा किती, चष्म्याचा नंबर कधी तपासला, असं विचारत गेली आणि प्रत्येक वेळी मी तोंड उघडायच्या आत वन्संनी उत्तर दिलं. उत्तरं बरोबर होती. झोप सहा तास, चहा चार कप, नंबर दोन वर्षांपूर्वी. मी मान हलवत होते. शेवटी डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "माताजी, अब इनको बोलने दीजिए. हाँ जी, आप बताइए, कैसा लगता है? कोई टेंशन?" मला नेहमीचं उत्तर द्यायचं होतं. कुछ नहीं, सब ठीक है. ते तयार होतं, जिभेवर होतं. आणि मी म्हणाले, "कुछ नहीं, वैसे सब ठीक है. बस, राग आता है." डॉक्टरचा चेहरा एकदम उजळला. "अच्छा? कौन सा राग? गाती हैं आप?" तिची मुलगीही शिकत होती म्हणे, दोन वर्षं झाली, अजून पहिल्याच रागात अडकली होती. वन्सं हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "नहीं डॉक्टर साहब, हमारी मराठी में राग माने गुस्सा. लेकिन इसको गुस्सा आता ही नहीं. छब्बीस साल से देख रही हूँ. ये थकी हुई है, बस." डॉक्टरही हसली. मीही हसले. तिनं कागदावर चहा कमी, झोप जास्त, कोमट पाण्याचा शेक असं लिहून दिलं, आणि जिना उतरताना वन्सं माझ्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी मोजल्यासारखी उतरल्या.

त्या दिवसभर तो विनोद घरात फिरत राहिला. संध्याकाळी मीनूचा फोन आला. ती आधी आत्याशी बोलते. "आत्या, आई खरंच असं बोलली? सो क्यूट यार," असं स्पीकरवरून ऐकू आलं. मग तिनं विचारलं, "आई कशी आहे?" मी त्याच सोफ्यावर, दीड हातावर बसले होते. "दमलीय गं," वन्सं म्हणाल्या, "आणि जरा हिरमुसलीय, आम्ही दोघी हसलो ना." "हिरमु... म्हणजे?" मीनूनं विचारलं. दिल्लीत वाढलेल्या मुलीला असे शब्द पोचत नाहीत. वन्संनी तिला हिरमुसणं, रुसणं आणि खट्टू होणं यांतला फरक समजावून सांगितला. छान सांगितला. मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं पाहत होते आणि माझ्यात हिरमुसलेलं काही सापडतं का, हेही पाहत होते.

सत्तावीस वर्षं मी या शहरात आहे. मी नोकरी करते त्या प्रयोगशाळेत, मेट्रोत, भाजीवाल्याशी, बर्फवाल्याशी हिंदी बोलते. राग आणि गुस्सा यांत माझी गल्लत कधी झाली नव्हती. चेष्टा, शिक्षा, खाली, अशा फसव्या शब्दांची यादीच मी पहिल्या वर्षी वहीत करून ठेवली होती आणि त्यात राग पहिला होता. म्हणजे ती जिभेची चूक होती असं म्हणता येत नव्हतं. हिंदी वाक्यात मराठी शब्द घुसला होता, आणि तो मी पाठवलेला नव्हता. प्रयोगशाळेत असं एखादं बेशिस्त रीडिंग आलं तर आम्ही ते खोडत नाही; त्याला गोल करून बाजूला लिहितो, कारण माहीत नाही. डॉक्टरनं चुकीच्या समजुतीवर विचारलं असेल, पण तिचा प्रश्न मला आठवडाभर ऐकू येत राहिला. कौन सा राग? कोणता? कुणाचा? मला येतो म्हणजे कुठे येतो?

आणि याच दिवसांत दिनकरभावजींना उत्तर द्यायचं होतं. दिनकर हे श्रीरंगचे धाकटे भाऊ, नागपूरला असतात. दिवाळीत त्यांनी पहिल्यांदा विषय काढला. त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत होत्या. अहिल्याताईला तीन मजले चढवत नाहीत, तिनं आता इकडे यावं, जिना नाही, अंगण आहे, त्यांची बायको सुहासिनी आहे बघायला; नाहीतर त्या खोल्या भाड्यानं द्यायच्या, पण एकदा भाडेकरू आला की तो काही लवकर हलायचा नाही. गुडघ्यांचं म्हणाल तर डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की जिना बंद करा. वन्संनी भावाला एकच उत्तर दिलं, "वृंदा म्हणेल तसं." मी म्हटलं, "बघू." दर रविवारी फोन येई, दर रविवारी मी बघू म्हणे. अकरा आठवडे झाले. भावजींना वाटत होतं वहिनी एकट्या पडतील म्हणून अडल्या आहेत. मीनूला तसंच वाटत होतं. वन्संना तर खात्रीच होती. "माझ्यावाचून तिचं एक पान हलायचं नाही," त्या फोनवर सांगत, अभिमानानं नाही, जरा काळजीनंच. त्यांना जायचं नव्हतं. मी राहा म्हणावं याची त्या वाट पाहत होत्या, तेही मला दिसत होतं. मला काय हवं होतं ते मात्र दिसत नव्हतं. खोटं सांगत नाही. मी खरंच पाहत होते आणि तिथे काही दिसत नव्हतं.

आमच्या घरी, म्हणजे दौंडला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, मनाला काय होतंय हे सांगायला एकच शब्द होता. आई म्हणायची, कसंतरी होतंय. ताप आला की कसंतरी होतंय, दादा नापास झाला तेव्हा कसंतरी होतंय, शेजारच्या प्रभाकाकू गेल्या तेव्हा कसंतरी होतंय, आणि वडील एकदा दोन दिवस घरी आले नाहीत तेव्हाही, उंबऱ्यात उभी राहून, कसंतरी होतंय गं. आम्ही प्रत्येक वेळी तिला लिंबाचं सरबत द्यायचो. ती ते पूर्ण प्यायची. मला वाटतं पदार्थविज्ञान मला आवडलं ते त्यामुळे असेल. तिथे काय होतंय याला आकडा होता आणि आकड्याला एकक होतं. लग्न होऊन मी दिल्लीला आले ती लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. वर्षभरानं वन्संचा करोल बागेतला भाड्याचा मजला घरमालकानं विकला आणि त्या दोन महिन्यांसाठी म्हणून आमच्याकडे आल्या. मी त्यांना ताई म्हटलं तर म्हणाल्या, "ताई कुणालाही म्हणतात. वन्सं म्हण, तो आपल्या दोघींपुरता शब्द आहे." त्याच संध्याकाळी कणीक मळताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला इथे परकं वाटतं. वर्ष झालं तरी. आणि श्रीरंगला ते सांगावंसं वाटत नाही, त्याला अपराधी वाटेल म्हणून." मी हातातली वाटी खाली ठेवली. ते तंतोतंत खरं होतं. वर्षभर पोटात काहीतरी घेऊन मी वावरत होते आणि त्याला मी आईचाच शब्द वापरत होते. या बाईनं पाहिलं आणि नाव सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी रडले, आणि वन्सं म्हणाल्या, "मोकळी हो." तेव्हा मी त्यांची किती आभारी होते हे आज मला आठवतं, आणि तेच आठवायला नको वाटतं.

दोन महिन्यांची सव्वीस वर्षं कशी झाली हे कुणी ठरवलं नाही. श्रीरंग कमी बोलणारा माणूस. मी गप्प झाले की तो मला विचारत नसे, स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला विचारी, "काय झालंय हिला?" भिंत पातळ होती, सगळं ऐकू यायचं. "तिच्या लेखावर दुसऱ्याचं नाव आधी छापलंय, त्याची तिला खंत वाटतेय," वन्सं सांगत. किंवा, "काही नाही, उद्विग्न आहे, उद्या ठीक होईल." मी पलंगावर पुस्तक घेऊन ऐकत असे. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण मी उत्सुकतेनं ऐकत असे. काय झालंय ते मलाही कळायचं असायचं. मीनू सहा वर्षांची असताना रस्त्यावर धावली, एक स्कूटर तिला चाटून गेली, आणि मी तिला सगळ्यांदेखत थोबाडीत मारली. घरी आल्यावर वन्संनी तिला मांडीवर घेतलं. "आईला राग नाही आला, सोन्या. आईला भीती वाटली. भीती वाटली की असा हात उठतो." मुलगी शांत झाली. मीही शांत झाले. ते सांगणं इतकं शहाणपणाचं होतं की मी त्यावर कधी विचारच केला नाही. आता तळहात आठवून बघते तर तिथे भीती होती का ते सांगता येत नाही. काहीतरी तापलेलं होतं एवढं खरं. मीनूलाही मग सवय लागली. आईला काय वाटतंय ते आत्याला विचारायचं. श्रीरंग गेला त्या दिवशी दुपारी मी रुग्णालयाच्या कॅन्टीनमध्ये जाऊन छोले-भात खाल्ला, दोन प्लेट, वाफ निघत असलेला. तो मला अतिशय चवदार लागला. मी दुसरी प्लेट संपवत होते तेव्हा वन्सं समोर येऊन बसल्या, सख्खा भाऊ गेलेली बाई, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "खा. दुःखात भूक लागते. जीव स्वतःला धरून ठेवतो." भेटायला येणाऱ्यांना त्यांनी तेरा दिवस सांगितलं, ती रडत नाही, आतल्या आत रडतेय. मी आत पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं होतं ना.

दवाखान्यातून आल्यावर सोमवारपासून मी पापणीची नोंद ठेवायला लागले. खिशातली छोटी वही. वेळ, ठिकाण, मिनिटाला किती, त्या वेळी काय चाललं होतं. मला येतं तेवढंच मी करत होते. आमच्याकडे पाऱ्याचे तापमापक तपासायला येतात, देशभरातून. नवा असो की जुना, काहीही मोजण्याआधी तो बर्फाच्या चुऱ्यात बुडवून त्याचा शून्य पाहायचा, कारण काच वर्षानुवर्षं सूक्ष्म आकसत जाते आणि पारा असायला हवा त्याहून किंचित वर दिसायला लागतो. तापमापकाला ते कळत नाही. तो आपला तोच आकडा दाखवत राहतो. तरुण उल्का माझ्याबरोबर काम करते, सोलापूरची आहे, बोलकी. मंगळवारी तिचं आणि माझं रीडिंग दोनदा जुळलं नाही. "मॅडम, डोळ्यानं फसवलं तुम्हाला," ती म्हणाली. मी पाऱ्याची रेघ वाचायच्या दुर्बिणीवरून बाजूला झाले आणि विचारलं, "उल्का, तुला राग आला की कसं कळतं?"

"मला? मला नाही कळत. सासूला कळतं," ती म्हणाली. "भांडी वाजतात."

"म्हणजे आधी भांडी वाजतात?"

"आधी भांडी वाजतात, मग ती म्हणते, काय गं, काय झालं, मग मी म्हणते काही नाही, आणि मग मला कळतं की अरे, आपण चिडलोय." ती हसली. "तुमच्याकडे भांडी कोण घासतं?"

"बाई येते."

"मग बिल्कुल नाही कळायचं, मॅडम."

ती चेष्टा करत होती, आणि मी ते खरंच मनावर घेऊन मेट्रोत बसले. आकडे तसे सरळ येतील अशी माझी अपेक्षा होती. वन्सं माझ्याबद्दल काही चुकीचं बोलतात, ते मला खुपतं, म्हणून पापणी लवते, असं काहीतरी. चुकीचं वाचन कुणालाही खुपेल. बुधवारी त्या म्हणाल्या, "मीनूच्या लग्नाची काळजी लागलीय तुला." लागली नव्हती, मी गॅसचा नंबर लावायचा राहिला याचा विचार करत होते. मोजलं, तीन. गुरुवारी यमुनेच्या पुलावर गाडी चार मिनिटं थांबली. खाली पाणी काळं आणि जवळजवळ स्थिर होतं, धुकं होतं, डब्यात सगळे फोनकडे बघत होते. घरी पोचले तर वन्संनी दार उघडतानाच विचारलं, म्हणजे विचारलं नाही, सांगितलं. "गाडी पुलावर थांबली असणार. आणि तुला श्रीरंग आठवला." मला तो आठवला होता हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. पण आठवला होता. तो पुलावर नेहमी खिडकीच्या काचेला नखानं टक टक करायचा, आणि मी ती चार मिनिटं त्याच लयीत पिशवीच्या बंदावर बोट आपटत होते. मी न्हाणीघरात जाऊन मोजलं. तेवीस. दारावर वन्संनी हलकेच थाप मारली. "रडून घे, मी चहा ठेवते." मी रडत नव्हते. मोजत होते. पण आणखी एक मिनिट गेलं असतं तर कदाचित रडले असते, आणि आता ते रडणं त्यांच्या परवानगीनं झालं असतं.

बारा दिवसांच्या नोंदी झाल्यावर मी त्या एका कागदावर मांडल्या आणि बराच वेळ पाहत बसले. वन्सं चुकत तेव्हा आकडा खाली होता. त्यांचं बरोबर निघे तेव्हा तो वर जाई. जितकं बरोबर तितका वर. मी दोन-तीन नोंदी शंकेखातर खोडून पाहिल्या, तरी तेच. दहापैकी नऊ वेळा वन्संचं बरोबर असतं. हे मी कुणापुढेही कबूल करीन. चुकीचं सांगत तेव्हा माझं जे काही असेल ते माझ्याकडे राहत होतं, न पाहिलेलं का होईना. बरोबर सांगत तेव्हा ते मला कळायच्या आत त्यांचं होऊन परत माझ्याकडे येई, नाव घातलेलं, घडी केलेलं. आणि याचा राग. एखाद्या माणसानं आपल्याला छळलं, फसवलं, टाकून बोललं तर त्याचा राग येतो हे सांगता येतं. लोक ऐकून घेतात. या बाईनं माझी मुलगी वाढवली, माझ्या आजारपणात उशाशी बसल्या, भाऊ गेला त्या दिवशी स्वतःचं बाजूला ठेवून माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांचा अपराध काय तर त्या मला समजून घेतात. हे मी कुणाला सांगणार? मीनूला? ती म्हणेल, आई, हे तू आत्याशी बोल ना. आणि मी बोलायला गेले तर पहिलं वाक्य पुरं होण्याआधी वन्सं म्हणतील, तुला वाटतंय की मी तुझ्यावर आक्रमण करते. आणि तेही बरोबर असेल. दोष द्यायचा तर मलाच द्यायला हवा होता. कणीक मळताना वाटी खाली ठेवली ती मीच. पहिलं वर्ष संपताना पाच मिनिटांचा हलकेपणा मिळाला, त्याच्या बदल्यात मी सगळंच त्यांच्या हवाली केलं आणि त्यांनी ते सांभाळलं, एवढंच.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी मीनू गाडी घेऊन आली आणि आत्याला दोन दिवसांसाठी गुडगावला घेऊन गेली. "आई, तू बोअर होशील ना?" तिनं मला विचारलं, आत्याकडे बघत. त्या गेल्यावर मी दार लावलं आणि दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिले. मला वाटलं होतं आता काहीतरी वर येईल, मोकळं वाटेल. काही आलं नाही. दीड वाजता स्वयंपाकघरात गेले, फ्रीज उघडला आणि मला भूक लागली आहे का हे मला ठरवता येईना. पोटावर हात ठेवून पाहिला. छप्पन्न वर्षांची बाई, पीएच.डी., दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत तापमान सांगणारी, फ्रीजच्या उजेडात पोटावर हात ठेवून उभी होते, आणि आतून काही कळत नव्हतं. मग भीती वाटली. ही भीतीच होती, तिला ओळखायला कुणी लागलं नाही. त्यांच्यावाचून माझं पान हलत नाही हे वन्सं म्हणतात ते खरं असलं तर? आत कुणी नसलंच तर, असलं ते सव्वीस वर्षांत सगळं बाहेर जाऊन बसलं असलं तर? मी तीनदा फोन हातात घेतला. त्यांना फक्त हॅलो म्हटलं असतं तरी त्यांनी आवाजावरून सांगितलं असतं, घाबरलीस. बरं वाटलं असतं मला. फोन मी पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला. दुपारभर अंथरुणावर पडून राहिले, उठून कपडे घडी केले, पुन्हा पडले.

रविवारी अकराच्या सुमारास बाल्कनीत ऊन आलं. खाली कुणी गाडी धूत होतं, समोरच्या गच्चीवर रजया वाळत होत्या. छातीच्या हाडाच्या जरा डावीकडे काहीतरी होऊ लागलं. दुखणं नव्हतं. उबदार, जड, मुठीएवढं. ते हळूहळू वाढलं, गळ्यापर्यंत आलं, तिथे थांबलं. मला सवयीनं त्याला नाव हवं होतं; मी नाव शोधलं नाही. घड्याळाकडे मात्र पाहिलं, सवय जात नाही. वीस मिनिटं ते तिथे होतं, मग ज्या वाटेनं आलं त्या वाटेनं गेलं. आनंद नव्हता तो, एवढं नक्की. श्रीरंगचं असेल, आईचं असेल, कुणाचंच नसेल. पण ते घडलं तेव्हा तिथे मीच होते. संध्याकाळी वन्सं आल्या, तिसऱ्या मजल्यावर पोचायला त्यांना सतरा मिनिटं लागली, दारात धापा टाकत उभ्या राहिल्या आणि माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "काहीतरी झालंय तुला. थांब, सांगते." मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि आत निघून गेले. सव्वीस वर्षांत मी त्यांना पाठ दाखवली ती पहिल्यांदा. त्या रात्री जेवण झाल्यावर त्या पाय पसरून बसल्या. गुडघ्यांना तेल लावून देताना मला त्यांच्या पिंढऱ्या किती बारीक झाल्यात ते दिसलं, आणि जे ठरवायचं ते मी ठरवलेलं आहे हे मला कळलं, आणि ते या पायांच्या भल्याचं आहे असं स्वतःला सांगायची सोय आहे हेही कळलं. मला ती सोय वापरायची नव्हती.

पुढच्या रविवारी संक्रांत होती. वन्सं बाल्कनीत वेताच्या मोड्यावर बसून मटार सोलत होत्या, मी समोर सालं गोळा करत होते. दिनकरभावजींचा फोन आला तो त्यांनी स्पीकरवर टाकून सोललेल्या मटारांच्या ताटाशेजारी ठेवला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि आज काहीतरी बोलाच, वहिनी," भावजी म्हणाले. "भाडेकरू सारखा विचारतोय. तुमचं बघू काही संपेना."

"तिला कशाला छळतोस रे?" वन्सं म्हणाल्या. "ती तोंडानं बोलायची नाही. मी सांगते तिच्या मनात काय आहे. माझे पाय बघवत नाहीत म्हणून पाठवावंसं वाटतं, आणि पाठवलं तर घर खायला उठेल म्हणून पाठववत नाही. अशी अडकलीय बिचारी."

"मग ताई, मी काय समजू? देऊ का खोल्या त्याला?"

"दे," वन्सं म्हणाल्या.

"देऊ नका, भावजी," मी म्हणाले.

फोनमध्ये सुहासिनी मागे कुणाला तरी हाका मारत होती. वन्संच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, मग पुन्हा वर. मी चेहरा हलवला नाही, लपवलाही नाही. त्या पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते काय होतं हे मला सांगता येणार नाही.

"वृंदा," त्या म्हणाल्या, "तुला मी नकोशी झालेय का गं?"

त्यांनी मला विचारलं होतं. मी उत्तर शोधलं, खरंच शोधलं. हो म्हणावं असं काही तिथे नव्हतं आणि नाही म्हणावं असंही नव्हतं. नुसता त्यांचा आवाज होता, म्हातारा. भावजी हॅलो, हॅलो करत होते.

"मला माहीत नाही, वन्सं," मी म्हणाले. "पण तुम्ही नागपूरला जा. मला इथे एकटीनं राहायचंय."